‘आम्ही’ ते ‘आपण’: नव्या शाळेत आपलं कोण?

कानात इअरफोन आहेत ना? लोकलमध्ये असाल तर पाकीट सांभाळा, घरी असाल तर निवांत बसा. आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. नवी शाळा किंवा नवं कॉलेज, आणि तिथला पहिला महिना.

वर्गात साठ जण असतात, सगळ्यांचे ग्रुप आधीच ठरलेले असतात. मधल्या सुट्टीत डबा उघडायचा कुणाबरोबर, हा त्या महिन्यातला सगळ्यात मोठा प्रश्न. गणित परवडलं, पण हे नको, असं वाटतं.

आता एक गंमत बघा. इंग्रजीत ‘वी’ हा एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. “आम्ही कँटीनला चाललोय” याचा अर्थ, तू त्यात नाहीस. “आपण कँटीनला जाऊया” म्हटलं की तू आलास त्यात. नव्या मुलाची किंवा मुलीची सगळी धडपड या दोन शब्दांमधलं अंतर पार करायची असते. आणि हे अंतर गप्पांपेक्षा कामाने लवकर पार होतं, असं मला इतिहास वाचताना सारखं दिसत राहिलं. तेही दुसऱ्यासाठी, एकत्र, हाताने केलेल्या कामाने. आजचा भाग त्याच इतिहासाबद्दल.

सगळेच नवे असलेलं गाव

सुरुवात आपल्या विठ्ठलवाडीपासून करू. कल्याण सोडलं की कर्जत-खोपोलीच्या लाइनवरचं हे पहिलं स्टेशन. एकीकडे कल्याण पूर्व, दुसरीकडे उल्हासनगर. आज इथे उतरणाऱ्या गर्दीला वाटतं की हे शहर कायमचंच असं आहे. पण पंचाहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी या भागात दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेल्या लष्करी छावण्या होत्या. १९४७ ला फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बराकींमध्ये जागा दिली. ८ ऑगस्ट १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. पत्ता सांगताना आजही लोक ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात, ते तेव्हापासून.

त्या बराकींमधली पोरं जेव्हा शाळेत जायला लागली असतील, तेव्हा शाळा नवी, गाव नवं, भाषा नवी, हवासुद्धा नवी. त्यानंतरही हे थांबलं नाही. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून लोक येत राहिले. म्हणजे विठ्ठलवाडीच्या आसपासच्या कुठल्याही वर्गात डोकावून बघा, ‘नवा’ मुलगा हा अपवाद नाही. दर पिढीत कुणी ना कुणी नवं असतंच.

पण नव्याला आत घ्यायचं कसं, याचा महाराष्ट्रातला सगळ्यात धाडसी प्रयोग आपल्या भागात झाला नाही. तो झाला साताऱ्यात. आणि तो का करावा लागला, ते समजण्यासाठी त्याच साताऱ्यातल्या आणखी एका शाळेत जावं लागेल.

सातारा, १९००: गोणपाटावरचा मुलगा

७ नोव्हेंबर १९००. साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव दाखल झालं. वय नऊ वर्षं. नाव भिवा रामजी. आपण त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून ओळखतो. ही शाळा आज छत्रपती प्रतापसिंह महाराज हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा होतो.

या शाळेतले दिवस कसे होते, ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. वर्गात वेगळं, कोपऱ्यात बसायचं. बसायला गोणपाट घरून आणायचं आणि संध्याकाळी परत घरी न्यायचं, कारण शाळेतला नोकर त्याला हात लावायचा नाही. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावायची परवानगी नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळणार. शिपाई जागेवर नसेल तर तसंच तहानलेलं राहायचं.

म्हणजे बघा, प्रवेश मिळाला होता, हजेरीपटावर नाव होतं. सरकारी कागदावर तो त्या शाळेचा विद्यार्थी होता. पण पाण्याच्या नळाने रोज सांगितलं की तू ‘आम्ही’त नाहीस. नाव दाखल होणं आणि आपलं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

कोल्हापूर: बोर्डिंगमधून बाहेर काढलेला मुलगा

आता थोडं दक्षिणेला. भाऊराव पाटील, जन्म १८८७, गाव कुंभोज. शिकायला कोल्हापूरला आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहिले. त्या काळी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठबळावर वेगवेगळ्या जातींसाठी वसतिगृहं सुरू होत होती. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी ‘मिस क्लार्क होस्टेल’ सुरू झालं.

चरित्रकार सांगतात की भाऊराव तिथल्या कार्यक्रमाला गेले. परत आल्यावर त्यांना बजावलं गेलं, आधी आंघोळ करा, मगच जेवणघरात पाय ठेवा. भाऊरावांनी साफ नकार दिला. परिणाम? बोर्डिंगमधून हकालपट्टी. पुढे त्यांना शाहू महाराजांचा आसरा मिळाला.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. एका मुलाला जेवणाच्या पंगतीवरून घराबाहेर काढलं, आणि पुढे त्याने आयुष्यभर काय उभं केलं? पंगती!

सातारा, १९२४: एक चूल, सगळ्यांची पाळी

४ ऑक्टोबर १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये संस्थेचं बिऱ्हाड साताऱ्यात आलं आणि तिथे त्यांनी वसतिगृह काढलं. हो, तेच सातारा, जिथे चोवीस वर्षांपूर्वी एका मुलाला नळाला हात लावू दिला नव्हता.

नेहमीच्या वसतिगृहांपेक्षा इथे वेगळं काय होतं? बाकीची वसतिगृहं बहुतेक एकेका जातीची होती. मराठा बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, जैन बोर्डिंग. त्यांनी मोठं काम केलं, यात वाद नाही. पण प्रत्येकाचं आपापलं ‘आम्ही’ होतं. भाऊरावांनी सगळ्या जातिधर्मांची मुलं एका छपराखाली आणली. आणि त्यांना नुसतं ‘एकमेकांशी प्रेमाने वागा’ असं भाषण दिलं नाही. त्यांना काम दिलं.

पाणी आणायचं, लाकडं फोडायची, भाकऱ्या थापायच्या, भांडी घासायची, झाडलोट करायची. सगळं मुलांनीच करायचं आणि पाळीपाळीने करायचं. आज ज्याच्या हातची भाकरी तुम्ही खाल्ली, उद्या तो तुमच्या हातची खाणार. जात विचारायला वेळ कुठे होता? दोन वेळचं जेवण शिजायला हवं होतं.

या घराची आई होती लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी. जुन्या वळणात वाढलेली ही बाई. तिने या सगळ्या पोरांना पोटच्या पोरांसारखं सांभाळलं. अंगावरचे दागिने एकेक करून वसतिगृहासाठी गेले. एकदा पोरांच्या पोटाला धान्य नव्हतं तेव्हा मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला दोन ओळी कमीच येतात, म्हणून इथे मुद्दाम थांबलो.

१९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्यात आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. पुढे १९४० मध्ये साताऱ्यातच महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, आणि ‘कमवा आणि शिका’ हे वाक्य महाराष्ट्रभर पोचलं.

इथे तुम्ही मला अडवाल. म्हणाल, ही मुलं स्वतःसाठीच तर राबत होती, यात समाजसेवा कुठे आली? बरोबर आहे. पण गोष्ट तिथे संपली नाही. १९३५ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं आणि तिथून तयार झालेले तरुण, ज्या खेड्यांमध्ये शाळाच नव्हती तिथे, ‘व्हॉलंटरी’ शाळा चालवायला गेले. ज्या पोराला कधीकाळी कुणीतरी पंगतीत सरकून जागा करून दिली होती, तोच आता झाडाखाली, देवळाच्या ओवरीत दुसऱ्यांच्या पोरांसाठी जागा करत होता. आपलेपणा मिळाला की तो पुढे द्यावासा वाटतो. ही साखळी मला साताऱ्याच्या प्रयोगातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

ओक्लाहोमा, १९५४: ट्रक ओढणारी पोरं

आता एकदम अमेरिका. का, ते लगेच कळेल. भाऊरावांनी जे अनुभवाने ओळखलं, त्यावर तीस वर्षांनी तिकडे प्रयोग झाला.

१९५४ च्या उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह नावाच्या पार्कात २२ मुलांचं शिबिर भरवलं. मुलं साधारण अकरा वर्षांची, एकमेकांना अनोळखी. त्यांचे दोन गट केले. मुलांनीच नावं ठेवली, ‘रॅटलर्स’ आणि ‘ईगल्स’. मग स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी घालणं, शिवीगाळ, सगळं सुरू झालं.

मग भांडण मिटवायचं कसं? आधी दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला. उपयोग शून्य. जेवणाच्या टेबलावर फेकाफेकी! मग संशोधकांनी दुसरी युक्ती केली. शिबिराचं पाणी बंद पाडलं. दोन्ही गटांना मिळून बिघाड शोधावा लागला. जेवण आणणारा ट्रक ‘बंद पडला’, तर सगळ्यांनी मिळून दोरी लावून तो ओढला. अशी दोन-चार कामं झाल्यावर वातावरण बदललं. परतीच्या वेळी बरीचशी मुलं एकाच बसने जायला तयार झाली.

त्याच वर्षी, १९५४ मध्ये, गॉर्डन ऑलपोर्ट या अभ्यासकाचं पूर्वग्रहांवरचं गाजलेलं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती जवळ आणून भागत नाही, चार गोष्टी लागतात. एक, तिथे सगळ्यांचा दर्जा सारखा हवा. दोन, ध्येय एकच हवं. तीन, ते एकमेकांच्या मदतीशिवाय गाठता येऊ नये. चार, वरच्यांचा, म्हणजे शिक्षकांचा, संस्थेचा याला उघड पाठिंबा हवा.

आता हे चार मुद्दे साताऱ्याच्या चुलीला लावून बघा. पाळी सगळ्यांना सारखी. ध्येय एक, भाकरी. एकट्याने ती होणार नाही. आणि वर भाऊराव आणि लक्ष्मीबाई ठामपणे उभे. चारही अटी पूर्ण! आणि एक फरक लक्षात घ्या. शेरीफने मुलं मुद्दाम एकसारख्या घरांतली निवडली होती, त्यांच्यातलं भांडण दोन आठवड्यांचं होतं. साताऱ्यातल्या मुलांमधलं अंतर शेकडो वर्षांचं होतं.

दिल्ली, १९६९: एनएसएसचा जन्म

स्वातंत्र्यानंतर सरकारलाही प्रश्न पडला, कॉलेजात जाणारी मुलं गावापासून, श्रमापासून तुटत चालली आहेत, काय करायचं? १९५८ मध्ये नेहरूंनी मुख्यमंत्र्यांना लिहिलं की पदवीआधी समाजसेवा असावी का, याचा विचार करा. १९५९ मध्ये समिती नेमली गेली. अध्यक्ष होते आपल्या रायगडचे सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. समितीची शिफारस कडक होती. हायस्कूल संपल्यावर नऊ महिने ते वर्षभर राष्ट्रीय सेवा, आणि तीही सक्तीची!

ती अमलात आली नाही. एवढा पैसा कुठून आणायचा आणि एवढी मुलं सांभाळायची कशी? मग के. जी. सैयदैन यांनी इतर देशांतल्या योजनांचा अभ्यास करून सुचवलं की सक्ती नको, स्वेच्छेने करू द्या. कोठारी आयोगानेही शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा असावी असं म्हटलं. अखेर गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. पहिल्या वर्षी सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. हेच आपलं एनएसएस. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास, आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर.

बॅज आठवतोय? कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं चाक. आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, कायम सेवेला तयार. ब्रीदवाक्य ‘नॉट मी, बट यू’. मी नाही, तू.

पण शिबिराला गेलेल्या कुणालाही विचारा. ‘मी’ सोडून ‘तू’ म्हणता म्हणता तिथे ‘आपण’ तयार होतं. हे कुठल्याही समितीच्या अहवालात ठळक अक्षरांत लिहिलेलं नव्हतं.

घमेलं पुढे दे

कल्याण-उल्हासनगर पट्ट्यातल्या कॉलेजांची शिबिरं बहुतेक मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या गावांत असतात. तिथलं एक ठरलेलं काम म्हणजे वनराई बंधारा. पावसाळा संपला की ओढ्याचं पाणी वाहून जायच्या आत सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि प्रवाहाला आडव्या रचायच्या. मागे पाणी साठतं, जमिनीत मुरतं, गुरांना आणि भाजीपाल्याला उपयोगी पडतं.

हे काम एकट्याने होतच नाही. रांग लावावी लागते. एकाने घमेलं भरायचं, दुसऱ्याने घ्यायचं, तिसऱ्याने पुढे द्यायचं. त्या रांगेत शेजारी कोण उभं आहे, हे आपण निवडलेलं नसतं. माझ्या बीटेकच्या काळातल्या शिबिरात माझ्या शेजारी एक मुलगा होता. नंदुरबारहून आलेला, तीन महिने वर्गात जेमतेम चार वाक्यं बोललेला. पहिल्या तासाभरात त्याने आम्हाला फावडं कसं धरायचं ते शिकवलं, कारण शहरातल्या कुणालाच ते येत नव्हतं. दुपारपर्यंत सगळे त्याला विचारून गोण्या रचत होते. त्या रात्री पंगतीत वाढताना कुणीतरी ओरडलं, “अरे, आपल्या नंदुरबारला आमटी वाढ!” ‘आपल्या’. झालं काम.

वर्गात मार्क, इंग्रजी आणि मोबाइलचं मॉडेल यावर किंमत ठरते. घमेल्याच्या रांगेत ती सगळी यादी बाजूला पडते आणि नवीच यादी सुरू होते. कोण दमलेल्याला हळूच बाजूला बसवतं, कोण गाणं सुरू करतं, कुणाला चूल पेटवता येते. नव्या मुलाला नेमकी हीच संधी हवी असते, काहीतरी देण्याची. सॉफ्टवेअरवाल्या मंडळींना हे पटेल. नव्या टीममध्ये आलेल्या माणसाला आपण आधी एखादा छोटासा बग देतो. स्वतः लिहिलेला कोड पहिल्यांदा लाइव्ह गेला की मगच तो ‘तुमचं प्रॉडक्ट’ सोडून ‘आपलं प्रॉडक्ट’ म्हणायला लागतो. पाहुण्याला आपण चहा देतो. घरच्याला सांगतो, “जरा पाणी भर.” काम सांगणं हा आपलेपणाचाच एक प्रकार आहे.

आणि झाडू कुणाच्या हातात?

आता कडू गोळी. सेवा म्हटलं की सगळं आपोआप गोड होतं, असं नाही. ऑलपोर्टच्या चार अटींपैकी एक जरी निसटली तरी खेळ बिघडतो.

शिबिरात भाकऱ्या फक्त मुलीच करत असतील आणि मुलं फक्त ‘जड काम’ करत असतील, तर तिथे पाळी नाही, जुनीच वाटणी आहे. शौचालय साफ करायची वेळ आली की ठरावीक आडनावाच्या मुलाकडेच नजर जात असेल, तर ते शिबिर १९२४ च्या साताऱ्यात नाही, १९०० च्या साताऱ्यात भरलंय. आणि सगळं काम दहा मिनिटांचं, फोटो काढून, हॅशटॅग टाकून, ग्रेस मार्कांपुरतं असेल, तर नवा मुलगा फोटोच्या कडेलाच उभा राहतो. आधीसारखाच.

गावाचंही तसंच. गाव म्हणजे आपल्या मोठेपणाचा स्टेज नव्हे. ओढा कुठे अडवायचा हे गावातल्या म्हाताऱ्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्याला विचारलं की तोही ‘आपण’मध्ये येतो. न विचारता गोण्या रचल्या तर आपण नुसते पाहुणे, आणि पाहुणे गेल्यावर बंधाराही जातो.

म्हणून सक्ती की स्वेच्छा, हा १९५९ चा वाद मला थोडा अपुरा वाटतो. त्याहून मोठा प्रश्न पाळीचा आहे. झाडू, चूल आणि माइक, तिन्ही गोष्टी सगळ्यांच्या हातात फिरतात का? फिरत असतील तर सेवा माणसं जोडते. नसतील तर ती जुन्याच भिंतींना नवा रंग देते.

बाबासाहेबांना त्या शाळेत प्रवेश होता. त्यांच्या हातून कुणी पाणी घेईल अशी जागा तिथे नव्हती, ती त्यांना पुढे आख्ख्या देशासाठी मागावी लागली. भाऊरावांना बोर्डिंगमधून बाहेर काढलं, त्यांनी बोर्डिंगच बदललं. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाहीये. या वर्षी तुमच्या वर्गात कुणीतरी नवं आलं असेल, विठ्ठलवाडीत असो नाहीतर विट्यात. त्याला किंवा तिला “कशी वाटली शाळा?” असं विचारू नका. त्याचं उत्तर “बरी आहे” एवढंच येतं. त्यापेक्षा विसर्जनाच्या दिवशी घाटावर निर्माल्य गोळा करायला जाताना एक पिशवी त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, “ही बाजू आपल्याकडे आहे, चल.”

आजच्यापुरतं एवढंच. हा भाग त्या एका मित्राला किंवा मैत्रिणीला पाठवा, जिने तुम्हाला पहिल्यांदा ‘आपण’ म्हटलं होतं. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!